एसीचा गॅस भरण्याआधी गळती शोधा

संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळा लागला की तुमच्या पेपरात गाडीची काळजी कशी घ्यावी यावर लेख येतो. चांगला असतो, मी कापून ठेवतो. पण एसीबद्दल त्यात दरवेळी एकच ओळ असते, कूलिंग कमी वाटलं तर गॅस भरून घ्या. मला याच ओळीबद्दल बोलायचंय, आणि बोलणं जरा लांबणार आहे, पण जमलं तर पूर्ण छापा, कारण असल्याच सल्ल्यापायी माझी तीन वर्षं गेली आणि जुन्या गाड्या चालवणाऱ्या कितीतरी लोकांची दरवर्षी जातायत.

माझी गाडी १६ वर्षांची आहे. इंजिन ठणठणीत आहे, गिअर, ब्रेक सगळं नीट, विकायचं काही कारण नाही. आई ८० च्या पुढची आहे आणि तिला दवाखान्यात न्यायचं म्हणजे बऱ्याचदा दुपारची वेळ मिळते, तिला ऊन अजिबात सोसत नाही, त्यामुळे एसी आमच्यासाठी चैन नाहीये. तर तीन वर्षांपूर्वी हवा गार यायची बंद झाली. गॅरेजमध्ये नेली, त्यांनी गेज म्हणजे दाब मोजायचे काटे लावले, गॅस मारला, दहा मिनिटांत बर्फासारखी हवा, मी खूश. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत परत गरम. दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो, त्यांनी गॅसबरोबर 'लीकेज बंद करायचं औषध' टाकलं, ते दोन महिने चाललं. तिसऱ्या वर्षी गॅस भरल्यावर जेमतेम तीन आठवडे. तिन्ही वेळा मी विचारलं की अहो गॅस जातो कुठे, आणि तिन्ही वेळा उत्तर तेच, "जुनी गाडी आहे, गॅस खाणारच."

साहेब, गाडी गॅस खात नाही. हे एवढं जरी तुम्ही ठळक छापलंत तरी पुष्कळ होईल. पेट्रोल जळतं, ऑइल खराब होतं, ब्रेक पॅड झिजतात, पण एसीचा गॅस एका बंद चक्रात फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो गरम होतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये वाऱ्याने थंड होऊन त्याचं पाणी होतं म्हणजे द्रव होतो, मग एक्सपान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकातून एकदम मोकळ्या जागेत सुटतो, तिथे कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि ती होताना तो आतल्या हवेतली उष्णता ओढून घेतो, की परत कॉम्प्रेसरकडे. तोच गॅस, तेवढाच गॅस. घरातला फ्रिज १५-२० वर्षं चालतो, त्यात कोण दरवर्षी गॅस भरतं?

आता गाडीचा एसी आणि फ्रिज यात फरक आहे हेही खरं, तो सांगितलाच पाहिजे नाहीतर मेकॅनिक लोकांवर अन्याय होईल. फ्रिजचा कॉम्प्रेसर लोखंडी डब्यात वेल्डिंग करून सीलबंद असतो आणि पाइप धातूचे असतात. गाडीत कॉम्प्रेसर बेल्टवर फिरतो म्हणजे त्याचा शाफ्ट बाहेर आलेला असतो आणि तिथे नुसतं एक सील असतं, शिवाय इंजिन हलतं म्हणून मधले पाइप रबराचे ठेवावे लागतात, आणि प्रत्येक सांध्याला एकेक ओ-रिंग म्हणजे गळती अडवणारी रबरी कडी. त्यामुळे थोडा गॅस झिरपतोच. पण थोडा म्हणजे किती? युरोपात नव्या गाड्यांसाठी नियम केला तेव्हा एका कूलिंग कॉइलच्या एसीला वर्षाला ४० ग्रॅमपेक्षा जास्त गळती चालणार नाही अशी मर्यादा घातली. गाडीत एकूण गॅस असतो साधारण ४५० ते ९०० ग्रॅम. म्हणजे ६-७ वर्षांनी एकदा गॅस भरावा लागला तर ते समजण्यासारखं आहे. दरवर्षी लागला, किंवा माझ्यासारखा तीन आठवड्यांत, तर कुठेतरी भोक आहे आणि ते शोधल्याशिवाय वर गॅस ओतणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं आहे.

मला हे सगळं समजलं ते चौथ्या ठिकाणी. एसीचंच काम करणारा एक पोरगा, त्याने बॉनेट उघडायच्या आधी मला विचारलं, "काका, मागच्या वेळी किती ग्रॅम टाकला होता?" मला सांगता येईना. बिलावर फक्त 'एसी गॅस' लिहिलेलं. मग म्हणाला गॅससोबत अजून काही टाकलंय का, मी त्या औषधाचं सांगितलं तर त्याचं तोंडच उतरलं. मग त्याने टॉर्च घेतली आणि पाइपांवरून फिरवायला लागला, गेज नाही, मशीन नाही, नुसता बघत होता. आणि कंडेन्सरला जिथे पाइप जोडतो त्या सांध्यावर धुळीचा एक काळा, तेलकट गोळा चिकटलेला त्याने बोट लावून मला दाखवला. म्हणाला गॅस दिसत नाही पण गॅसबरोबर ऑइल फिरत असतं, जिथून गॅस जातो तिथून ऑइलही थोडं थोडं बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते, बाकी पाइप कोरडा आणि एकच सांधा तेलकट दिसला की समजायचं. पुसून वर साबणाचा फेस लावला तर बुडबुडे यायला लागले. तीन वर्षं, तीन गॅरेज, आणि कारण निघालं कडक पडलेली एक ओ-रिंग. करंगळीत बसेल एवढी.

हे ऑइलचं मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून थांबून सांगतो. कॉम्प्रेसरला इंजिनसारखी वेगळी ऑइलची टाकी बहुतेक गाड्यांत नसते, त्याचं ऑइल गॅसच्या सोबतीनेच सगळीकडे फिरून परत येतं. गॅस कमी झाला की ऑइल परत आणणारं कोणी राहत नाही, कॉम्प्रेसर कोरडा चालतो आणि एक दिवस जाम होतो. जाम होताना त्याच्या आतल्या धातूचा काळा चुरा पुढे कंडेन्सरमध्ये जाऊन बसतो. हल्लीच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की तो चुरा धुवून निघत नाही, मग नवा कॉम्प्रेसर बसवला तरी जुना चुरा त्यालाही खातो, आणि लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट निघाला. म्हणून कॉम्प्रेसर फुटला असेल तर कंडेन्सर, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग) आणि एक्सपान्शन वॉल्व्ह तिन्ही बदला, त्यात कसर करू नका. आणि गॅस कमी आहे हे माहीत असताना "चालतंय तोवर चालवू" म्हणून एसी चालू ठेवू नका. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला बंद करतो ते यासाठीच, काही लोक त्या स्विचला वायर जोडून बायपास करतात, कृपा करून ते करू देऊ नका.

माझ्या गाडीत ओ-रिंगवर भागलं नाही, कारण ते औषध. गळती बंद करायचं म्हणून जे द्रव्य आत सोडतात ते हवा किंवा ओल लागली की घट्ट होतं, हाच त्याचा गुण, बाहेर भोकापाशी घट्ट व्हावं ही अपेक्षा. पण आत कुठे ओल असेल तर तिथेही घट्ट होतं, आणि सगळ्यात बारीक जागा कुठली तर एक्सपान्शन वॉल्व्ह. गेज लावल्यावर लो साइडचा म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा काटा जवळजवळ शून्याला जाऊन बसला, वॉल्व्हच्या तोंडावर पांढरा बर्फ. वॉल्व्ह बदलायला डॅशबोर्डच्या खालचा बराच भाग उतरवावा लागला, ओ-रिंगच्या कामाला जेवढा वेळ लागला असता त्याच्या कितीतरी पट. तो पोरगा म्हणाला की या औषधामुळे गॅस काढून घ्यायची मशीनही खराब होतात म्हणून बऱ्याच ठिकाणी अशी गाडी कोणी हातात घेत नाही. तर औषध टाकू का असं कोणी विचारलं तर नाही म्हणा, आणि न विचारता टाकलं असेल तर बिलावर लिहून घ्या, पुढच्या माणसाला माहीत हवं.

त्यानंतर त्याने जे केलं ते मी शेजारी स्टूल टाकून पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं. आधी उरलेला गॅस मशीनने ओढून सिलिंडरमध्ये घेतला, हवेत सोडला नाही. मग ओ-रिंग सगळ्या सांध्यांच्या बदलल्या, बसवताना एसीचं ऑइल लावून, कोरडी रिंग आवळताना कापली जाते. ड्रायर नवा टाकला, कारण त्याच्या आत ओल शोषणारे दाणे असतात आणि सिस्टीम उघडी राहिली की ते हवेतलीच ओल पिऊन बसतात. मग कोरडा नायट्रोजन भरून दाब दिला आणि सगळीकडे फेस लावला. मी विचारलं व्हॅक्यूम मारून म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काटा स्थिर राहिला की झालं ना, सगळे तसंच करतात. तर म्हणाला काका, व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फक्त एका वातावरणाचा जोर असतो, आणि चालू एसीत हाय साइडला म्हणजे जास्त दाबाच्या बाजूला आतून बाहेर १५ पट जोर असतो, व्हॅक्यूमला न दिसणारं भोक तिथे उघडतं. नायट्रोजनच्या जागी टायरमध्ये भरायची कॉम्प्रेसरची हवा मात्र कधीच चालत नाही, एकतर त्यात ओल असते, दुसरं म्हणजे एसीचा गॅस हवेबरोबर मिसळून दाबाखाली गेला तर पेट घेऊ शकतो.

मग व्हॅक्यूम पंप पाऊण तास चालला. हा पाऊण तास म्हणजे लोकांना वेळकाढूपणा वाटतो, मलाही वाटायचा. पण व्हॅक्यूम फक्त हवा काढायला नसतो, ओल काढायला असतो. पाणी १०० अंशांना उकळतं ते नेहमीच्या दाबाला, दाब कमी करत वातावरणाच्या सुमारे ३ टक्क्यांवर आणला तर पाणी २५ अंशांनाच उकळायला लागतं, म्हणजे पाइपात चिकटलेली ओल वाफ होऊन पंपातून बाहेर पडते. तिला वेळ लागतो, पाच मिनिटांत हवा निघते, ओल निघत नाही. राहिलेली ओल दोन उद्योग करते, ऑइल आणि गॅसबरोबर मिळून आम्ल तयार करते जे आतून धातू खातं, आणि वॉल्व्हच्या भोकात गोठते. ज्यांचा एसी १५-२० मिनिटं मस्त चालतो, मग एकदम गरम हवा, बंद करून थोड्या वेळाने लावला की परत गार, त्यांनी ओलीचा संशय जरूर घ्यावा, आधी कोणीतरी व्हॅक्यूम नीट न मारता गॅस भरलेला असण्याची शक्यता आहे.

आणि शेवटी गॅस भरला तो वजन करून. बॉनेटच्या आत किंवा पुढच्या पट्टीवर एक स्टिकर असतो त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात, माझ्या गाडीवर ४८० ग्रॅम. त्याने सिलिंडर काट्यावर ठेवला आणि काटा बघत ४८० टाकला. इतकं साधं. आधीच्या तिघांनी गेजवर 'प्रेशर आलं की बस' असं केलं होतं.

प्रेशरवरून गॅस मोजण्याची ही सवय मोडली पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून त्यामागचं कारण लिहितो. एसी बंद असताना आतला दाब हा गॅस किती आहे यावर ठरत नाही, तापमानावर ठरतो. आत थोडासा जरी गॅस द्रव रूपात शिल्लक असला तरी ३० अंशांना आर-१३४ए या एसीच्या गॅसचा दाब ९७ पीएसआयच्या आसपास येणार, मग आत २०० ग्रॅम असो की ५०० ग्रॅम. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरसारखंच, अर्धा आहे की पाव ते दाबावरून कळत नाही, उचलून बघावा लागतो. चालू एसीतले दाबही बाहेरची उष्णता, पंख्याचा वारा, इंजिनचा वेग, खिडक्या उघड्या की बंद या सगळ्याने बदलतात. गेज निरुपयोगी आहे असं नाही, उलट जाणकाराच्या हातात गेज बोलतं, दोन्ही काटे खाली तर गॅस कमी, दोन्ही फार वर तर गॅस जास्त किंवा कंडेन्सरला वारा नाही, लो साइड वर आणि हाय साइड खाली तर कॉम्प्रेसरचा दम गेला. पण किती भरायचा ते गेज सांगत नाही. आणि जास्त भरला तर जास्त गार होतं हा तर मोठाच गैरसमज, जास्त गॅस भरला की कंडेन्सरमध्ये द्रव साठून बसतो, वाफ थंड व्हायला जागा उरत नाही, दाब चढतो, कूलिंग उलट कमी होतं, आणि द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर तो फुटतो कारण द्रव दाबला जात नाही.

आता दुसरी बाजू. कूलिंग गेलं म्हणजे गॅसच गेला असं तरी कुठंय? माझ्या ओळखीतल्या एकाने दोनदा गॅस भरला, शेवटी निघाला कंडेन्सरचा पंखा बंद. त्याचं लक्षण अगदी स्पष्ट होतं, गाडी पळताना गार आणि सिग्नलला उभी राहिली की गरम, कारण पळताना वारा फुकट मिळतो. हे कोणाही मालकाला घरी तपासता येतं, एसी लावून बॉनेट उघडा आणि पंखा फिरतोय का बघा, हात मात्र लांब ठेवा, पंखा कधीही चालू होतो. पंखा फिरतो पण कंडेन्सरच्या जाळीत चिखल आणि पानं अडकलीत, तर हलक्या पाण्याने धुवा. सकाळी एसी चालतो आणि गाडी तापल्यावर कॉम्प्रेसर सुटतो, हे जुन्या गाडीत मॅग्नेटिक क्लचचं, म्हणजे कॉम्प्रेसरला बेल्टशी जोडणाऱ्या चुंबकी भागाचं, असू शकतं, क्लच झिजून मधली फट वाढते आणि गरम कॉइलची ओढ कमी पडते, कित्येकदा आतली एक पातळ चकती काढून फट कमी केली की काम होतं, कॉम्प्रेसर बदलायची गरज नसते. हवा गार आहे पण जोर नाही तर केबिन फिल्टर काढून उन्हात बघा, बहुतेक वेळा तो चोंदलेला असतो. आणि हीटरचा फ्लॅप पूर्ण बंद होत नसेल तर एसी बिचारा गार करतोय आणि मागून हीटर गरम करतोय, त्याला गॅस भरून काय होणार. दोन्ही पाइपांना सांभाळून हात लावून बघता येतो, चालू एसीत जाडा पाइप गार आणि घामेजलेला लागतो, बारीक पाइप गरम, कधी चटका बसेल इतका. दोन्ही सारखेच कोमट लागले तर गॅस फिरत नाहीये. आणखी एक, गाडीखाली पाणी ठिबकतं ते बघून लोक गॅस गळतोय म्हणून घाबरतात, ते पाणी कूलिंग कॉइलवर हवेतली ओल जमून आलेलं असतं, ते ठिबकतंय म्हणजे एसी नीट चाललाय.

गळती शोधण्याच्या बाकीच्या पद्धतीही आहेत, एक रंग आत सोडतात जो यूव्ही टॉर्चखाली पोपटी चमकतो, एक इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर असतो जो गॅस लागला की टिकटिकतो, तो सांध्याच्या खालून फिरवायचा कारण हा गॅस हवेपेक्षा जड आहे. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते, तिथे डोळ्यांनी दिसत नाही म्हणून डिटेक्टर किंवा पाणी जाण्याच्या नळीपाशी रंग बघायचा. आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे गॅस भरायचं तोंड, त्यात टायरसारखी पिन असते, आणि वरचं प्लॅस्टिकचं टोपण नुसतं धुळीसाठी नसतं, तेही गॅस अडवतं. ते टोपण हरवलं असेल तर आजच नवीन लावा.

ज्यांच्या गाड्या माझ्यापेक्षाही जुन्या आहेत, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या किंवा आधीच्या, त्यांच्यासाठी वेगळं लिहायला हवं. त्यांच्यात मूळ आर-१२ गॅस होता. हा तोच क्लोरोफ्लुरोकार्बन, ज्याच्याबद्दल १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सांगितलं की यातला क्लोरीन वर जाऊन ओझोनचा थर खातो, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनचं छिद्र जगाला कळलं, आणि १९८७ मध्ये असे गॅस आवरण्यासाठी मॉन्ट्रियल करार झाला. त्या दोघांना क्रुट्झेन यांच्यासोबत १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणून गाड्यांत आर-१३४ए आला. पण जुन्या गाडीत नुसता नवा गॅस ओतून चालत नाही. आर-१२ बरोबर मिनरल ऑइल असायचं, ते आर-१३४ए मध्ये विरघळत नाही, म्हणजे परत येत नाही, म्हणजे कॉम्प्रेसर कोरडा. जुनं ऑइल काढून एस्टर किंवा पॅग ऑइल घालावं लागतं, ड्रायर नवा, ओ-रिंग नव्या गॅसला चालणाऱ्या, गॅस भरायची तोंडं बदलावी लागतात, आणि गॅस मूळ वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्केच भरायचा. एवढं केल्यावर कूलिंग थोडं कमी वाटलं तर तो कोणाचा दोष नाही, तो कंडेन्सर दुसऱ्या गॅससाठी बनवलेला होता. ज्याने हे बदल केले त्याने बॉनेटखाली तसा स्टिकर लावून द्यावा, नाहीतर पुढचा माणूस चुकीचं ऑइल टाकणार.

आर-१३४ए ओझोनला काही करत नाही, पण तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या नुसता तोडीस तोड नाही, १०० वर्षांच्या हिशोबात त्याच्या १३०० ते १५०० पट आहे. मी साधा गुणाकार केला, ५०० ग्रॅम गॅस हवेत गेला तर तो जवळपास ७०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा. एक लिटर पेट्रोल जाळून सुमारे २.३ किलो निघतो, म्हणजे एका गाडीचा गॅस सोडून दिला तर ३०० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. आणि बऱ्याच ठिकाणी पाइप ढिला करून सर्रकन गॅस सोडतात, मी स्वतः उभा राहून पाहिलंय, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं कारण माहीतच नव्हतं. मॉन्ट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीत हा गॅस आणि याची भावंडं टप्प्याटप्प्याने कमी करायचं जगाने ठरवलंय. बऱ्याच नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा गॅस येतो, तो तापमानवाढीला नगण्य आहे पण थोडा ज्वलनशील आहे, आणि तो जुन्या गाडीत किंवा जुना गॅस नव्या गाडीत असं कोणी करू नये.

यावरून एक धोक्याची गोष्ट. चांगला गॅस महाग पडतो म्हणून लेबल नसलेले डबे, किंवा प्रोपेन-ब्यूटेनचं मिश्रण गाडीत भरलं जातं. ते गार चांगलं करतं, अगदी छान करतं, म्हणून गिऱ्हाईक खूश. पण कूलिंग कॉइल बंद केबिनच्या आत असते, ती गळली तर स्वयंपाकाचाच गॅस माणसं बसलेल्या जागेत भरणार. बनावट गॅस त्याहून वाईट. २०११ साली जहाजांच्या रेफ्रिजरेटेड कंटेनरचे स्फोट झाले, माणसं मेली, आणि कारण निघालं की आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड होतं, त्याची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन असं काहीतरी तयार होतं जे हवा लागताच पेटतं. गाडीच्या एसीतही ॲल्युमिनियमच असतं. तेव्हा डबा सीलबंद आहे का, त्यावर काय लिहिलंय, ते आपल्यासमोर उघडतात का, हे बघायला लाजू नका.

ज्यांना घरी स्वतः डब्यातून गॅस भरायची हौस आहे त्यांना एवढंच सांगतो की द्रव गॅस अंगावर उडाला तर तो उणे २६ अंशांना उकळतो, कातडी आणि डोळा क्षणात गोठतो, चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय जवळ जाऊ नका. आणि चालू इंजिनमध्ये हाय साइडला डबा कधीच जोडू नका, तिथला दाब डब्यात उलटा शिरून डबा फुटतो. मी स्वतः करत नाही, वजनाचा काटा आणि पंप नसताना ते काम अर्धवटच होतं असं माझं मत आहे.

आणि एक छोटी सवय, थंडीतही आठवड्यातून एकदा १० मिनिटं एसी चालवा. शाफ्टचं सील ऑइलने ओलं राहिलं तर टिकतं, चार महिने बंद ठेवलं की कोरडं पडून गळायला लागतं. थंडीत, पावसात काचेवरची वाफ घालवायलाही एसीच लागतो, तो हवेतली ओल काढतो, म्हणजे चालवायला कारण आहेच.

तर माझी विनंती अशी. पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या लेखात त्या एका ओळीऐवजी हे लिहा की गॅस भरायला गेलात तर आधी गळती दाखवा म्हणा, स्टिकरवरचे ग्रॅम बघा, व्हॅक्यूम किती वेळ मारला विचारा, आणि बिलावर गॅसचा प्रकार, जुना किती ग्रॅम निघाला, नवा किती टाकला आणि ऑइल कुठलं टाकलं हे लिहून घ्या. जुना किती निघाला हा आकडा सगळ्यात कामाचा आहे, पुढच्या वेळी त्यावरून कळतं वर्षाला किती गळतोय. गॅरेजवाल्यांनाही माझं सांगणं आहे, तुमच्यातले बरेच जण प्रामाणिक आहेत, गिऱ्हाईकच घाईत असतं आणि "फक्त गॅस मारून द्या" म्हणतं हे मला माहितीये, मी पण तेच म्हणायचो. पण तुम्ही नाही म्हणायला शिका, सांध्यावरचा तो काळा गोळा त्याला बोट लावून दाखवा, तो ऐकेल.

माझ्या गाडीला आता दुसरा उन्हाळा चाललाय. मागच्या आठवड्यात मुद्दाम त्याच पोराकडे जाऊन गॅस काढून वजन करायला लावलं, ४८० पैकी ४६० ग्रॅम निघाला. मधल्या जाळीत थर्मामीटर लावला तर ७ अंश. आई मागच्या सीटवर दवाखान्यापर्यंत झोपून जाते.

आपला,
एक जुना वाचक